पिचरचे क्षेत्ररक्षण रेटिंग कसे पारखावे : कार्ड-फाशांच्या आणि संगणकावरच्या बेसबॉलसाठी सविस्तर मार्गदर्शन

पूर्णेकाठच्या आमच्या भागात तूर घरात आली आणि कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की संध्याकाळच्या मोकळ्या वेळात सिम्युलेटेड बेसबॉलच्या, म्हणजे खऱ्या खेळाडूंच्या नोंदींवरून खेळायच्या नकली बेसबॉलच्या, लीग सुरू होतात. कोणी कार्ड आणि फासे घेऊन खेळतो, कोणी संगणकावर. खेळाडू निवडताना फलंदाजांचा आणि पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) पिचिंगचा अभ्यास सगळेच मन लावून करतात. पण पिचरच्या क्षेत्ररक्षणाच्या रेटिंगपाशी आले, की बहुतेकांचा हिशेब एकाच ठिकाणी चुकतो. एररचा, म्हणजे नोंदवलेल्या क्षेत्ररक्षणाच्या चुकांचा, आकडा पाहायचा, तो लहान असला की पिचर चांगला आणि मोठा असला की वाईट, असे ठरवून पुढच्या नावाकडे वळायचे, ही ती चूक. एरर पाहायची असते, परंतु तिची वेळ या तपासणीत बरीच उशिरा येते, आणि क्रम उलटा झाला की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

हे मार्गदर्शन दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, ज्यांना खेळाने दिलेल्या रेटिंगवरून पिचर निवडायचे आहेत. आणि दुसरे, जे मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या) नोंदींवरून आपल्या लीगसाठी स्वतः कार्डे तयार करतात. दोघांनाही पायऱ्या त्याच क्रमाने चढायच्या आहेत.

## तयारी : बसण्यापूर्वी काय हाताशी हवे

पहिली गोष्ट म्हणजे आपल्या खेळाची नियमपुस्तिका. रेटिंगचा आकडा कोणत्या दिशेने चांगला होतो, हे त्यात वाचल्याशिवाय एकही नाव पाहू नये. स्ट्रॅट-ओ-मॅटिक या कार्ड-फाशांच्या खेळात क्षेत्ररक्षणाची श्रेणी १ ते ५ असते आणि १ ही सर्वोत्तम समजली जाते. ॲपबा या दुसऱ्या कार्ड-फाशांच्या खेळाच्या मूळ प्रकारात पिचरला १ किंवा २ असा आकडा मिळतो आणि तेथे मोठा आकडा चांगला. आउट ऑफ द पार्क बेसबॉल या संगणकावरच्या खेळातही मोठा आकडा चांगला असतो, पण तेथे मोजपट्टीच बदलता येते. एका संगणकावर १ ते ५ दिसेल, तर दुसऱ्यावर २० ते ८०. दोन खेळ आलटून-पालटून खेळणाऱ्यांनी हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे, कारण १ हा आकडा एका खेळात दागिना आहे आणि दुसऱ्यात डाग.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक पिचरच्या किमान तीन हंगामांच्या नोंदी. बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर प्रत्येक खेळाडूच्या पानावर क्षेत्ररक्षणाचा स्वतंत्र तक्ता असतो. त्यातून इनिंग (सामन्याच्या नऊ डावांपैकी पिचरने टाकलेले), पुटआउट (स्वतः पूर्ण केलेले बाद), असिस्ट (चेंडू पुरवून दुसऱ्याकरवी केलेले बाद), एरर आणि डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे बाद) हे रकाने उतरवून घ्यावेत. पिचिंगच्या तक्त्यांतून पिक-ऑफ (बेसवरच्या धावकाला फेकून बाद करणे), चोरलेले बेस, चोरताना बाद झालेले धावक आणि जमिनीवरून गेलेल्या चेंडूंची संख्या घ्यावी. पिचर डावखुरा आहे की उजवा, हेही नोंदवावे. गावात रात्री नेटवर्क रांगत असते, आणि शेताची वीज रात्रपाळीची असेल तर माणूस मोटरीवर असतो. म्हणून ही पाने दिवसा उघडून आकडे वहीत किंवा एक्सेलमध्ये आधीच उतरवून ठेवणे सोयीचे पडते. लीगच्या खेळाडू-लिलावाच्या वेळी मोबाइलवर शोधाशोध करणाऱ्याला हटकून अर्धेच आकडे सापडतात.

वहीत प्रत्येक पिचरसाठी एक ओळ ठेवावी आणि शेवटचे दोन रकाने कोरे सोडावेत. त्यांत काय भरायचे ते पुढे येईल.

सावधान : पिचरचे पिचिंगचे आकडे या पानावर लिहू नयेत. ईआरए (पिचरने दर ९ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) डोळ्यांसमोर असला, की आवडत्या पिचरचे क्षेत्ररक्षणही नकळत चांगले दिसू लागते.

## पायरी १ : हे रेटिंग खेळात नेमके कोठे वापरले जाते, ते शोधा

रेटिंग चांगले की वाईट हे ठरवण्यापूर्वी ते कितीदा कामाला येते, हे कळले पाहिजे. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि तिच्यावाचून पुढे कशाला किती महत्त्व द्यायचे हे समजत नाही.

स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या ॲडव्हान्स्ड पद्धतीचे उदाहरण घेऊ. एक फासा रकाना ठरवतो. १ ते ३ आले तर फलंदाजाचे कार्ड, ४ ते ६ आले तर पिचरचे. उरलेल्या दोन फाशांची बेरीज ओळ ठरवते. अशा रीतीने एकूण २१६ शक्यता होतात आणि त्यांपैकी १०८ पिचरच्या कार्डावर पडतात. या १०८ पैकी ३० शक्यतांमध्ये निकाल कार्डावर छापलेला नसतो. तो क्षेत्ररक्षकाच्या रेटिंगवरून तक्त्यात पाहावा लागतो. या ३० मध्ये शॉर्टस्टॉपच्या (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या क्षेत्ररक्षकाच्या) वाट्याला ७ येतात, सेकंड बेसमनच्या ६, आणि पिचरच्या केवळ २.

आता हिशेब करा. २१६ मध्ये २ म्हणजे दर १०८ फलंदाजांमागे एकदा. एका सामन्यात एका संघाचे फलंदाज साधारण ३८ वेळा खेळायला येतात, तेव्हा अशी वेळ तीन सामन्यांत जेमतेम एकदा येते. हंगामात ८०० फलंदाजांना तोंड देणाऱ्या स्टार्टर (सामना सुरू करणाऱ्या) पिचरला आपले क्षेत्ररक्षण रेटिंग सात-आठ वेळाच वापरावे लागते. शॉर्टस्टॉपच्या रेटिंगसाठी जे पैसे मोजणे शहाणपणाचे ठरते, ते पिचरसाठी मोजणे का चुकीचे, याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

तुमचा खेळ वेगळा असेल तर त्याच्या तक्त्यातून हाच भागाकार स्वतः करावा. संगणकावरच्या खेळात तक्ता दिसत नाही. तेथे एक जुना हंगाम पूर्ण चालवून, पिचरांच्या वाट्याला प्रत्येकी किती संधी आल्या, हे त्या खेळाच्याच अहवालातून पाहावे.

तपासणी : बंटचे (बॅट न फिरवता हळूच जवळ टाकलेल्या चेंडूचे) आणि धावकाला रोखण्याचे तक्ते वेगळे आहेत का, आणि त्यांत हेच रेटिंग वापरले जाते की दुसरे, हे वहीत लिहिले का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## पायरी २ : किती संधी मिळाल्या आणि किती कामे झाली, ते मोजा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, म्हणून येथे थोडे थांबू.

पिचरची क्षेत्ररक्षणातली कामे मोजकी असतात. समोरून जोरात परत आलेला चेंडू अडवणे, बंट उचलून योग्य बेसवर फेकणे, उजव्या बाजूला चेंडू गेला की धावत जाऊन फर्स्ट बेस सांभाळणे, आणि डबल प्लेची सुरुवात करणे. स्कोअरशीटवर पिचरचा क्रमांक १ असतो. १-३ अशी नोंद म्हणजे पिचरने चेंडू उचलून फर्स्ट बेसमनकडे फेकला; त्याला असिस्ट मिळतो. ३-१ म्हणजे फर्स्ट बेसमनने चेंडू उचलला आणि धावत आलेल्या पिचरला दिला; येथे पुटआउट पिचरच्या नावावर लागतो.

या ३-१ कडे चित्रफितीत नीट पाहावे, कारण पिचरचे पाय आणि सवय दोन्ही त्यात उघडी पडतात. चेंडू उजव्या बाजूला जाताच चांगला पिचर, तो कोण उचलणार याची वाट न पाहता निघतो. तो थेट बेसकडे धावत नाही. बेसच्या थोडे अलीकडे फाउल लाइनजवळ पोचतो आणि मग लाइनला समांतर धावत येतो. त्यामुळे चेंडू त्याला छातीसमोर मिळतो, पाय बेसच्या आतल्या कडेला लागतो आणि धावकाशी टक्कर टळते. जो पिचर क्षणभर उभा राहून मग निघतो, तो धावकाबरोबरच बेसवर पोचतो. फलंदाज सुटतो, आणि स्कोअरशीटवर मात्र एररची नोंद होत नाही. एररचा आकडा पाहून निवड करणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

म्हणून आधी पुटआउट आणि असिस्ट यांची बेरीज करावी. खाली दोन पिचर मानू. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. दोघांचेही तीन हंगामांत ६०० इनिंग झाले आहेत.

पिचर ‘अ’ डावखुरा : पुटआउट ३६, असिस्ट ११४, एरर ३, पिक-ऑफ १८, जमिनीवरचे चेंडू ९९०.

पिचर ‘ब’ उजवा : पुटआउट २१, असिस्ट ५४, एरर ०, पिक-ऑफ ३, जमिनीवरचे चेंडू ६३०.

घाईत पाहणारा ‘ब’ची शून्य एरर पाहून त्याच्यावर बोली लावतो. त्याहून थोडा खोल पाहणारा म्हणतो, की ‘अ’ने १५० कामे केली आणि ‘ब’ने ७५, दर ९ इनिंगमागे २.२५ विरुद्ध १.१३, म्हणजे ‘अ’ दुपटीने चांगला. दोघेही चुकतात. हिशेब तीन टप्प्यांत करावा लागतो.

(क) पिक-ऑफ वजा करा. फर्स्ट बेसवरच्या धावकाला पिचरने फेकून बाद केले, तर त्यालाही असिस्ट मिळतो. पण तो गुण धावक रोखण्याचा आहे आणि बहुतेक खेळांत त्याचे रेटिंग स्वतंत्र असते. एकच गुण दोनदा मोजला जाऊ नये. वजाबाकीनंतर ‘अ’ची कामे १३२ आणि ‘ब’ची ७२ उरतात.

(ख) इनिंगने भागू नका, जमिनीवरच्या चेंडूंनी भागा. सिंकर (खाली बुडणारा चेंडू) टाकणाऱ्या पिचरसमोर चेंडू जमिनीवर जास्त जातात, त्यामुळे त्याच्याकडे आणि फर्स्ट बेसमनकडे कामही जास्त येते. डॅलस कायकेलसारखा सिंकरवाला पिचर आणि हवेत चेंडू उडू देणारा पिचर यांना इनिंगच्या मापाने तोलणे अन्यायाचे आहे. ‘अ’चे दर १०० जमिनीच्या चेंडूंमागे १३.३ काम होते, ‘ब’चे ११.४.

(ग) आता तुलना करा. दुपटीचा दिसणारा फरक सतरा टक्क्यांवर आला. ‘अ’ अजूनही पुढे आहे, परंतु तो चमत्कार नाही, चांगला क्षेत्ररक्षक आहे. कोऱ्या रकान्यांपैकी पहिल्यात हा दर १०० चेंडूंमागचा आकडा भरावा.

सावधान : स्ट्राइकआउटचा (तीन स्ट्राइकवर बाद झालेल्या फलंदाजाचा) पुटआउट कॅचरच्या नावावर लागतो. तो पिचरच्या खात्यात धरून बेरीज फुगवण्याची चूक नव्याने कार्ड बनवणारे हटकून करतात.

## पायरी ३ : त्या काळाच्या सरासरीशी तुलना करा

वेगवेगळ्या काळांतील पिचर एकाच लीगमध्ये घेणाऱ्यांनी ही पायरी मुळीच गाळू नये. एकाच हंगामाचे खेळाडू घेणाऱ्यांनी ती वाचून पुढे जावे.

एड वॉल्श यांनी १९०७ मध्ये ४२२ इनिंग टाकून २२७ असिस्ट नोंदवले. पिचरसाठी एका हंगामातला तो विक्रम आहे. दर ९ इनिंगमागे हे ४.८ असिस्ट होतात, आणि आजचा कोणताही पिचर त्याच्या जवळपास जात नाही. यातला मोठा वाटा त्या काळच्या खेळाचा आहे. तेव्हा बंट फार होत असत आणि चेंडू मऊ, जमिनीवरचा असे. उलट, २०२२ पासून मेजर लीगच्या दोन्ही लीगमध्ये पिचरऐवजी नियुक्त फलंदाज खेळतो. पिचर फलंदाजीला येत नाही, म्हणून त्याने मारायचा सॅक्रिफाइस बंटही (स्वतः बाद होऊन धावकाला पुढे सरकवणारा बंट) गेला आणि समोरच्या पिचरची बंट उचलण्याची संधीही कमी झाली. २०२३ च्या पिचरचे असिस्ट १९९३ च्या पिचरपेक्षा कमी दिसले, तर त्याचा हात बिघडला असे समजू नये.

उपाय सोपा आहे. प्रत्येक पिचरचा दर त्या हंगामातील त्याच्या लीगच्या पिचरांच्या सरासरी दराने भागावा. उत्तर १ च्या वर असेल तर तो सरासरीपेक्षा चांगला. रेटिंग द्यायचे ते या गुणोत्तरावरून.

आमच्याकडे आणखी एक गोंधळ होतो. येथील अनेकांनी शाळेत तालुका-जिल्हा स्तरावर सॉफ्टबॉल खेळलेला असतो आणि तीच नजर बेसबॉलला लावली जाते. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर फलंदाजापासून ४३ फुटांवर असते आणि बेसमधले अंतर ६० फूट असते. मेजर लीग बेसबॉलमध्ये हीच अंतरे ६० फूट ६ इंच आणि ९० फूट आहेत. सॉफ्टबॉलमध्ये बंट पिचरच्या पायाशी येतो, म्हणून तेथे तिचे क्षेत्ररक्षण सामना फिरवते. बेसबॉलमध्ये त्याच बंटवर कॅचर, थर्ड बेसमन आणि फर्स्ट बेसमनही धावून येतात. आपल्या मैदानावरच्या अनुभवाचा तेवढा भाग बाजूला ठेवूनच आकड्यांकडे पाहावे.

## पायरी ४ : आता एरर पाहा, पण नुसत्या टक्केवारीने नाही

मेजर लीगच्या पिचरांची क्षेत्ररक्षणाची टक्केवारी साधारण ९५ च्या आसपास असते. म्हणजे १०० संधींमागे (पुटआउट, असिस्ट आणि एरर यांच्या बेरजेमागे) सुमारे पाच एरर. अडचण अशी, की २०० इनिंग टाकणाऱ्या पिचरलाही हंगामात चाळीस-पन्नासच संधी मिळतात. एक एरर इकडची तिकडे झाली की टक्केवारी दोन गुणांनी हलते. एका हंगामाच्या टक्केवारीवरून रेटिंग ठरवणे म्हणजे पहिल्या पावसावरून खरिपाचा हिशेब मांडणे होय.

जिम काट यांचे १९६९ चे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. त्या हंगामात त्यांच्या नावावर आठ एरर होत्या, टक्केवारी ८२.६ होती, आणि तरीही त्यांना गोल्ड ग्लव्ह हा सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळाला. त्यांनी असे सलग १६ पुरस्कार मिळवले. या एका ओळीतून दोन गोष्टी घ्याव्यात. चांगल्या क्षेत्ररक्षकालाही असा हंगाम येतो, हे एक. आणि मतांनी दिलेला पुरस्कार त्या वर्षाच्या कामगिरीचा पुरावा मानता येत नाही, हे दुसरे. पुरस्कार पाहून रेटिंग वाढवण्याची सवय असलेल्यांनी दुसरी गोष्ट विशेष लक्षात घ्यावी.

मी वापरतो ती पद्धत अशी. पिचरच्या तीन हंगामांच्या संधींमध्ये सरासरी दर्जाच्या १०० संधी आणि त्यांच्या ५ एरर मिळवाव्यात, आणि मग एररची टक्केवारी काढावी. ‘अ’च्या संधी १५३ आणि एरर ३, मिळवल्यावर २५३ मध्ये ८, म्हणजे ३.२ टक्के. ‘ब’च्या संधी ७५ आणि एरर ०, मिळवल्यावर १७५ मध्ये ५, म्हणजे २.९ टक्के. तीन विरुद्ध शून्य असा डोळ्यांत भरणारा फरक प्रत्यक्षात नगण्य ठरला. दुसऱ्या कोऱ्या रकान्यात हा आकडा भरावा. १०० हा आकडा माझ्या सोयीचा आहे. तुम्ही ८० घ्या किंवा १२०, पण सर्व पिचरांना एकच लावा.

यानंतर, वेळ असेल तर, एरर कशा झाल्या ते सामन्यांच्या नोंदींत पाहावे. पिक-ऑफचा थ्रो भरकटून झालेली एरर आणि बंट उचलून फर्स्ट बेसवर चुकीचा फेकल्याने झालेली एरर एकाच रकान्यात जमा होतात. पहिली धावक रोखण्याच्या बाजूची आहे, दुसरी क्षेत्ररक्षणाची. थ्रोच्या चुका वारंवार दिसत असतील तर बंटच्या प्रसंगी त्या पिचरपासून सावध राहावे. नुसता हातातून निसटलेला चेंडू सहसा तितका काळजीचा नसतो.

सावधान : एरर नसणे म्हणजे काम केले असे नव्हे. जॉन लेस्टर यांनी २०१४ च्या पूर्ण हंगामात पिक-ऑफचा एकही थ्रो केला नाही. जो फेकतच नाही, त्याचा थ्रो भरकटणार कसा?

## पायरी ५ : धावक रोखण्याचे रेटिंग वेगळ्या ओळीवर ठेवा

ग्रेग मॅडक्स यांच्याकडे १८ गोल्ड ग्लव्ह आहेत. कोणत्याही स्थानावरच्या खेळाडूपेक्षा जास्त. पिचर म्हणून कारकिर्दीत ५४६ पुटआउट, हाही विक्रम त्यांचाच. तरीही त्यांच्यासमोर धावक मोकळेपणाने बेस चोरत असत. याच्या उलट, मार्क बर्ले यांनी चेंडू उचलण्यात आणि धावक जखडून ठेवण्यात सारखेच नाव कमावले. म्हणजे हे दोन गुण एकत्र येऊ शकतात, पण येतीलच असे नाही, आणि एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणे चुकीचे आहे.

स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये होल्ड, म्हणजे धावक रोखण्याचा, आकडा स्वतंत्र छापलेला असतो आणि तेथे वजा चिन्ह पिचरच्या फायद्याचे असते. आउट ऑफ द पार्कमध्येही धावक रोखण्याचे रेटिंग वेगळे दाखवले जाते. लिलावात मात्र ‘हा पिचर हाताचा चांगला आहे’ या एका वाक्यात दोन्ही मिसळतात आणि बोली चढते.

स्वतः कार्ड बनवणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. डिफेन्सिव्ह रन्स सेव्ह्ड (क्षेत्ररक्षणाने वाचवलेल्या धावा) हे माप पिचरसाठी उपलब्ध असते, पण पिचरच्या त्या एकूण आकड्यात बेसचोरी रोखण्याचा भागही धरलेला असतो. एकूण आकडा उचलून क्षेत्ररक्षणाला लावू नये. त्याचे भाग वेगळे करून घ्यावेत. अल्टिमेट झोन रेटिंग हे क्षेत्ररक्षणाचे दुसरे माप पिचरसाठी काढलेच जात नाही, तेव्हा ते शोधण्यात वेळ घालवू नये.

होल्डला आजच्या खेळात जास्त किंमत द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२३ मध्ये बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे झाले, पिच टाकण्याला घड्याळ लागले आणि एका फलंदाजाच्या वेळी पिचरला पाटीवरून दोनदाच उतरता येईल असे बंधन आले. तिसऱ्यांदा धावक बाद झाला नाही तर बॉक, म्हणजे पिचरचा नियमभंग, आणि धावकाला पुढचा बेस फुकट. मेजर लीगमधल्या बेसचोऱ्या २०२२ मधील २,४८६ वरून २०२३ मध्ये ३,५०३ वर गेल्या. तुमचा खेळ २०२३ नंतरचे हंगाम वापरत असेल, तर क्षेत्ररक्षण आणि होल्ड यांपैकी एकच विकत घेणे परवडत असता होल्ड घ्यावा.

## पायरी ६ : फरकाचे धावांत रूपांतर करा

‘अ’ आणि ‘ब’ यांच्यातला फरक किती मोलाचा, हे आता काढता येते. लीगची सरासरी दर १०० चेंडूंमागे १२ कामे आहे असे मानू. ‘अ’ हंगामाला सरासरीपेक्षा सुमारे ४.४ कामे जास्त करतो, ‘ब’ सुमारे १.२ कमी. दोघांत साडेपाच कामांचा फरक झाला. बाद होण्याऐवजी एकेरी फटका गेला तर साधारण पाऊण धावेचे नुकसान होते. म्हणजे सव्वाचार धावा.

येथे मात्र हिशेब अर्ध्यावर आणावा. पिचरच्या बाजूने सुटलेला प्रत्येक चेंडू फटका ठरत नाही. मधून गेलेला चेंडू अनेकदा शॉर्टस्टॉप किंवा सेकंड बेसमन उचलून फलंदाजाला बाद करतो. म्हणून खरा फरक २०० इनिंगमागे दोन धावांच्या आसपास धरावा. ईआरएच्या भाषेत हे ०.०९ होते.

याचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. दोन पिचरांच्या ईआरएमध्ये दहा शतांशांहून जास्त फरक असेल, तर क्षेत्ररक्षणाचे रेटिंग पाहून निर्णय बदलू नये. फरक त्याहून कमी असेल तर या रेटिंगला निर्णायक मत द्यावे.

तपासणी : तुमच्या हिशेबात एखाद्या पिचरचे क्षेत्ररक्षण हंगामाला दहा धावांच्या मोलाचे निघाले, तर बहुधा पिक-ऑफ वजा करायचे राहिले आहेत किंवा इनिंगने भागाकार झाला आहे. पायरी २ वर परत जा.

## पायरी ७ : रेटिंग द्या आणि संघात योग्य जागी वापरा

कार्ड बनवणाऱ्यांनी बहुसंख्य पिचरांना मधली श्रेणी द्यावी. टोकाची श्रेणी त्यांनाच मिळावी, ज्यांच्या दोन्ही रकान्यांतले आकडे एकाच दिशेला बोट दाखवतात आणि ज्यांच्या संधी दीडशेच्या वर आहेत. ‘अ’ला मधल्याच्या एक पायरी वर आणि ‘ब’ला मधली श्रेणी, एवढेच मी देईन.

रिलीव्हर (स्टार्टरनंतर मध्येच उतरणाऱ्या) पिचरांचा प्रश्न वेगळा आहे. साठ इनिंग टाकणाऱ्याला हंगामात दहा-बारा संधी मिळतात, आणि त्यांवरून काहीही सिद्ध होत नाही. अनेक हंगामांची नोंद नसेल तर त्यांना मधलीच श्रेणी द्यावी. तरुण रिलीव्हरच्या शून्य एररवर भाळून त्याला सर्वोत्तम श्रेणी दिलेली कार्डे मी बरीच पाहिली आहेत; ती लीगच्या शेवटी वादाचे कारण होतात.

संघ बांधताना मात्र रिलीव्हरचेच क्षेत्ररक्षण जास्त जपावे लागते, कारण बंट मारला जातो तो बहुधा शेवटच्या इनिंगमध्ये, एका धावेच्या सामन्यात. २००६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगच्या अंतिम मालिकेत) डेट्रॉइट टायगर्सच्या पिचरांनी पाचही सामन्यांत प्रत्येकी एक अशा पाच एरर केल्या आणि सिरीज सेंट लुइस कार्डिनल्सने ४-१ अशी जिंकली. एरवी हंगामभर क्वचित वापरले जाणारे रेटिंग नेमक्या अशा वेळी महागात पडते. तुमच्या लीगमध्ये प्रतिस्पर्धी व्यवस्थापक बंटचा सतत वापर करत असतील, तर अखेरच्या दोन इनिंगसाठी ठेवलेल्या पिचरांपैकी निदान एकाचे थ्रो भरवशाचे असावेत.

फर्स्ट बेसमनकडेही एकदा पाहावे. तो दूरवर जाऊन चेंडू उचलणारा असेल, तर पिचरला बेस सांभाळायला जास्त धावावे लागते आणि त्याचे पुटआउट वाढतात. तो बेसला चिकटून राहणारा असेल तर कमी होतात. वास्तवातल्या नोंदी वाचताना हा परिणाम लक्षात घ्यावा, विशेषतः संघ बदललेल्या पिचरच्या बाबतीत, ज्याचे पुटआउट एका हंगामात एकाएकी वाढलेले किंवा घटलेले दिसतात. असिस्ट तसेच राहून फक्त पुटआउट हलले असतील, तर रेटिंग बदलू नये.

## लीग सुरू झाल्यावर

हंगामाच्या मध्यावर, ‘याच्या कार्डाने दोन एरर केल्या, रेटिंग चुकले आहे’ अशी तक्रार येतेच. सात-आठ संधींपैकी दोन फाशांनी बिघडवल्या, तर कार्ड चुकले असे होत नाही. रेटिंगची पुनर्तपासणी हंगाम संपल्यावरच करावी, तीही सर्व पिचरांची एकत्रित. सगळ्या कार्डांच्या मिळून किती संधी आल्या आणि त्यांत किती एरर झाल्या, हे वास्तवातल्या लीगच्या टक्केवारीशी जुळवून पाहावे. एकत्रित आकडा ९५ टक्क्यांपासून बराच ढळला असेल तर श्रेणींची वाटणी सैल किंवा कडक झाली आहे. तेव्हा एका पिचरचे कार्ड न बदलता मधली श्रेणी कोणाला द्यायची, त्याच्या सीमा सरकवाव्यात आणि सर्व कार्डे त्याच दिवशी नव्याने लिहावीत.